सिनेमा आणि सोबत



वसंत व्याख्यानमालेत सिनेमावर बोलायचे म्हटल्यावर काही वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात ही प्रथा सुरू केली ती लोकशिक्षणासाठी. तेथे नटनट्यांच्या गप्पा कशाला, असे कोणी म्हणेल. पण मी कामगार संघटनेचा माणूस आहे. शाळेत फार गेलो नाही. जे शिकलो ते वाचनालयात आणि मजुरांच्या तळावर. आमच्या कामाचा एक नियम असा की, लोक ज्याविषयी आपण होऊन बोलतात तेथून सुरुवात करावी. मजुरीचा दर, मुकादमाची उचल आणि सिनेमा, या तीन विषयांवर आमचा माणूस न विचारता बोलतो. पहिल्या दोहोंवर मी पुष्कळ बोललो आहे. आज तिसऱ्यावर बोलतो.

सिनेमाविषयी आपण नेहमी एकच प्रश्न विचारतो : “चांगला आहे का?” यापाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, पण तो आपण हळू आवाजात विचारतो : “घरच्यांबरोबर बघण्यासारखा आहे का?” माझे म्हणणे असे की, हा दुसरा प्रश्नच खरा आहे. आपल्या देशात सिनेमा येऊन सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. या काळात कोणी कोणाच्या शेजारी बसून सिनेमा पाहावा, याचा एक स्वतंत्र इतिहास घडला आहे. तो पडद्यावरच्या कथांइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, आपल्या समाजाची कथा सांगतो.

आरंभ मुंबईत झाला. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखवली गेली. तिकीट एक रुपया. त्या काळी मजुराचे कित्येक दिवसांचे पोट ज्यात भरे तो हा रुपया. म्हणजे पहिल्या दिवशी पडद्यासमोर कोण बसले असेल हे सांगायला नको. पुढे हे खेळ नॉव्हेल्टी नाटकगृहात गेले आणि महिना संपण्याच्या आत दोन गोष्टी झाल्या. तिकिटाचे दर चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत लावले गेले, आणि पडदानशीन स्त्रिया व त्यांची कुटुंबे यांच्यासाठी राखीव बॉक्स ठेवल्याची जाहिरात निघाली. सिनेमा अजून बोलू लागला नव्हता, त्यात गोष्टही नव्हती. स्टेशनात येणारी आगगाडी आणि कारखान्यातून सुटणारे कामगार एवढेच त्यात दिसे. पण प्रेक्षकांची वाटणी मात्र झाली होती. पैशाची एक भिंत आणि पडद्याची एक भिंत, अशा दोन भिंती पहिल्याच महिन्यात उभ्या राहिल्या.

यानंतर दादासाहेब फाळके येतात. दादासाहेबांनी गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ख्रिस्ताच्या चरित्राचा चित्रपट पाहिला आणि राम-कृष्ण असेच पडद्यावर आणावेत असा त्यांना ध्यास लागला, ही कथा आपल्याला ठाऊक आहे. पण ते तो चित्रपट एकट्याने पाहून स्वस्थ बसले नाहीत. पत्नी सरस्वतीबाईंना घेऊन ते तेथे गेले होते. पुढे फिल्मच्या कडेला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे सरस्वतीबाईंनी केली. म्हणजे आपल्या चित्रपटसृष्टीचा पाया नवराबायकोने बरोबर बसून पाहिलेल्या एका खेळात आहे. आणि गंमत पाहा : ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तेव्हा त्यातली तारामती झाली होती अण्णा साळुंके या पुरुषाने. हे गृहस्थ ग्रँट रोडच्या एका खाणावळीत आचारी होते. कारखान्यात बाई चालत होती. पडद्यावर मात्र बाई मिळेना. त्याच वर्षी दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये उभ्या राहिल्या आणि ती अडचण मोडली.

१९२७ साली सरकारने दिवाणबहादूर रंगाचारी यांच्या अध्यक्षतेखाली सिनेमाची चौकशी करण्यासाठी एक समिती नेमली. तिने साक्षीदारांना विचारलेल्या प्रश्नांत कोणत्या वर्गाचे लोक सिनेमाला जातात, लहान मुले किती जातात, अशी विचारणा होती. सरकारला भीती पडद्याची होती तितकीच पडद्यासमोरच्या गर्दीची होती. अंधारात सगळ्या थरांतले लोक एका वेळी हसतात, एका वेळी चिडतात, ही गोष्ट राज्यकर्त्याला कधीच पूर्णपणे मानवत नाही. आमच्या गेटसभांचा अनुभव याहून निराळा नाही.

आता आपल्या भागाकडे वळू. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता. या राज्यात चित्रपटाने फार लवकर एक धडा घेतला. धीरेन गांगुली नावाच्या बंगाली कलावंताने हैदराबादेत लोटस फिल्म कंपनी काढली होती. १९२४ मध्ये त्यांनी ‘रझिया बेगम’ दाखवला. मुसलमान राणी आणि हिंदू तरुण यांच्या प्रेमाची ती कथा. निजाम सरकारला ती सहन झाली नाही आणि गांगुलींना हैदराबाद सोडावे लागले. कोणी कोणावर प्रेम करावे या प्रश्नावरून चित्रपटावर वरवंटा फिरवण्याची ही आपल्या भागातली जुनी हकिगत. पुढे मी ‘सैराट’विषयी बोलणार आहे, तेव्हा ती आठवावी.

निजाम गेला, १९५६ साली आपण मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्रात आलो. पण चित्रपटांच्या व्यापाऱ्यांनी आपल्याला अजून सोडलेले नाही. देशाचे जे वितरण-विभाग त्यांनी पाडले आहेत, त्यात मराठवाडा ‘निजाम’ या विभागात मोडत आला. राज्य गेले, राजा गेला, सिनेमाच्या वहीत मात्र आपण निजामाची प्रजाच राहिलो. बीड शहरात रेल्वे आली २०२५ साली. तोपर्यंत रिळांच्या पेट्या मोटारीने आणि एस.टी.ने येत, मुंबईत जुना झालेला चित्रपट आमच्या तालुक्याला नवा म्हणून लागे. झिजलेल्या रिळावर पाऊस पडल्यासारख्या रेघा दिसत. दुष्काळी भागात तेवढाच पाऊस, असे आमचे लोक म्हणत.

खेड्यातल्या माणसाला सिनेमा भेटला तो जत्रेत. परळीची महाशिवरात्र, अंबाजोगाईच्या योगेश्वरीची मार्गशीर्षातली यात्रा, कपिलधारची कार्तिकी पौर्णिमा, शेजारी येरमाळ्याच्या येडाईची चैत्री पौर्णिमा; देवाचे दर्शन, बाजार आणि तंबूतला सिनेमा हे जत्रेचे तीन भाग असत. ट्रकवर प्रोजेक्टर, बाजूला जनरेटर, भोंग्यावर गाणी आणि अधूनमधून जाहिरात. यंत्र एकच असेल तर प्रत्येक रीळ संपले की खेळ थांबे, मग शिट्ट्या. तंबूत खुर्च्या नसत. पुरुष एका अंगाला, बायका एका अंगाला, मध्ये दोरी. शहरातल्या थिएटरात हेच काम ‘जनाना’ वर्गाचा पडदा करी; दिवे गेले की तो सरकवायचा आणि दिवे येण्यापूर्वी ओढून घ्यायचा. नवराबायको एका बैलगाडीतून येत, दोरीपाशी वेगळी होत आणि खेळ सुटल्यावर पुन्हा गाडीपाशी भेटत. घरी जाताना दोघे त्याच चित्रपटाविषयी बोलत, पण पाहिलेला चित्रपट एक नसे. तिने बायकांत बसून पाहिलेला असे, त्याने पुरुषांत.

जातीचे काय? येथे खरे ते सांगितले पाहिजे. तंबूच्या दारात कोणी जात विचारत नव्हते. तिकीट विचारत होते. ही गोष्ट लहान नाही. ज्या गावात पाणवठा वेगळा, चहाच्या टपरीवर कप वेगळा, त्या गावचा माणूस त्याच दराने तिकीट काढून त्याच जमिनीवर बसत होता. आत शिरल्यावर लोक आपापल्या आळीने बसत, हेही खरे. तरी दिवे गेल्यावर सरकासरकी होई आणि खांद्याला खांदा लागे. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली आला. दामले-फत्तेलालांनी तो दिग्दर्शित केला आणि विष्णुपंत पागनीस तुकाराम झाले. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो सत्तावन्न आठवडे चालला आणि नंतर वर्षानुवर्षे गावोगाव फिरला. लोक चपला काढून बसत, पडद्याला हात जोडत. आता सन लक्षात घ्या. पंढरपूरचे देऊळ अस्पृश्यांना खुले झाले ते साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केल्यानंतर. म्हणजे अकरा वर्षे अशी होती की, ज्या माणसाला पंढरीत विठोबाच्या गाभाऱ्यात जाता येत नव्हते, त्याला पडद्यावरचा विठोबा तिकिटाच्या पैशात सर्वांच्या बरोबरीने दिसत होता. सिनेमाने जात मोडली असे मी म्हणणार नाही. तेवढा मोठा दावा त्याला झेपणार नाही. पण जेथे जात न सांगता बसता येते अशी एक जागा त्याने दाखवली, एवढे श्रेय त्याचे आहे.

ही जागा पुढे कायद्यानेही पक्की केली. २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली. तिच्या पंधराव्या कलमात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांच्याबरोबर सार्वजनिक करमणुकीच्या जागीही जातीवरून मज्जाव करता येणार नाही असे सांगितले आहे. इंग्रजी प्रतीत त्या जागेला ‘पॅलेस’ असा शब्द पडला आहे. आमचा फाटका तंबूसुद्धा घटनेच्या लेखी राजवाडा ठरला! १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने असा मज्जाव करणाऱ्याला शिक्षा ठेवली. तिकीट फाडणारा डोअरकीपर आणि घटनेचे कलम, दोघांचे म्हणणे एकच : ज्याच्याकडे तिकीट आहे त्याला आत सोडा.

दोरीच्या पलीकडे बसलेल्या बायकांना सिनेमाने काय दिले, हा पुढचा प्रश्न. १९५९ साली अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला. जयश्री गडकर त्यात होत्या. पुण्याच्या विजयानंद थिएटरात तो अडीच वर्षांच्या वर चालला. त्याच्या मागोमाग तमाशापटांची रांग लागली आणि विद्वान लोक वैतागले. मला त्यात निराळीच गोष्ट दिसते. तमाशाचा फड पुरुषांचा होता. घरंदाज बाईने तिकडे फिरकायचे नाही. नवरा रात्री तेथे काय पाहतो हे तिला फक्त ऐकून ठाऊक. तमाशापटाने लावणी तिच्या समोर आणली. नाचणारी बाई कोण असते, तिचे दुःख काय, तिला नादाला लावणारे पाटील-इनामदार कोण, हे घरच्या बाईने अंधारात बसून प्रथम पाहिले. १९७२ च्या ‘पिंजरा’त शांतारामबापूंनी मास्तराचे पतन दाखवले, पुरुष त्याला नीतीचा धडा म्हणाले. आमच्या वस्तीतल्या बायका मात्र मास्तराविषयी कमी बोलत आणि नाचणाऱ्या चंद्रकलेविषयी जास्त. सोबत बदलली की चित्रपटाचा नायकसुद्धा बदलतो.

दादा कोंडके यांच्याविषयी बोलल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. गिरणगावात, गिरणी कामगाराच्या घरात वाढलेला हा माणूस. १९७१ चा ‘सोंगाड्या’, मग ‘एकटा जीव सदाशिव’, ‘पांडू हवालदार’. एकामागून एक चित्रपटाने रौप्यमहोत्सव केले. त्यांचे संवाद दुहेरी अर्थाचे. सासऱ्याबरोबर बसून ते पाहणे म्हणजे शिक्षा. हसावे तर पंचाईत, न हसावे तर कळले नाही असे समजतील ही पंचाईत. म्हणून माझे साधे मत : कोंडके मित्रांबरोबर पाहावेत, आणि वडील त्याच खेळाला आले असतील तर दोघांनी एकमेकांना पाहिले नाही असे समजावे. गावात हा करार न लिहिता पाळला जात होता. पण हसण्याखालची एक गोष्ट विसरू नये. नाडी लोंबणाऱ्या हाफ चड्डीतला तो भोळा गडी शेवटी पाटलाला आणि पुढाऱ्याला हसण्यावारी नेत होता. दिवसभर ज्याच्यापुढे मान खाली घालायची त्याला रात्री हजार माणसांत बसून हसता येणे, ही मजुराच्या दृष्टीने लहान सोय नव्हती.

बायकांनी बायकांबरोबर पाहण्याच्या चित्रपटांचा एक वेगळाच वर्ग आहे. १९७५ साली ‘शोले’ आणि ‘दीवार’ आले त्याच वर्षी ‘जय संतोषी माँ’ हा थोड्या पैशात काढलेला चित्रपट आला आणि बायकांच्या गर्दीने त्या दोघांच्या बरोबरीने उभा राहिला. १९९१ साली अलका कुबल यांचा ‘माहेरची साडी’ आला तेव्हा मी ऐन विशीत होतो. शिकलेल्या लोकांनी त्याला रडका म्हणून नावे ठेवली. बायका मात्र ट्रॅक्टर करून जात होत्या. आमच्या तळावरच्या एका वयस्क ऊसतोड बाईला मी विचारले, “मावशी, एवढं रडायला पैसे देऊन कशाला जाता?” ती म्हणाली, “घरी रडलं तर का रडतीस म्हणून इचारत्यात. तिथं अंधारात कोण इचारतंय?” या उत्तरानंतर मी त्या चित्रपटाला नावे ठेवणे शक्य नव्हते. चित्रपटाची कथा तकलादू असेल, पण ती जागा खरी होती.

आता आमच्या धंद्यातल्या चित्रपटांविषयी. ‘दीवार’चा आरंभ कामगार पुढाऱ्यापासून होतो, हे पुष्कळांना आठवत नाही, अमिताभ आठवतो. खाणकामगारांचा संप चालू आहे, मालकाची माणसे पुढाऱ्याच्या बायकोमुलांना धरून नेतात आणि तो मालकाच्या कागदावर सही करतो. हा चित्रपट मी दोन वेगवेगळ्या मंडळींत पाहिला. एकदा काही शिकलेले, पगारदार मित्र होते. त्यांचे मत पडले की पुढारी कच्चा निघाला. दुसऱ्यांदा ऊसतोड मजुरांबरोबर, व्हिडिओवर. सहीचा प्रसंग आला तेव्हा कोणी काही बोलले नाही. नंतर एक गडी म्हणाला, “पोरं धरल्यावर कोण नाही करणार सही? चुकलं त्याचं एवढंच, की तो एकटाच गेला सही करायला.” संघटनेचे सारे तत्त्वज्ञान या वाक्यात आहे. ते मला पुस्तकात वाचायला मिळाले असते, पण इतक्या थोड्या शब्दांत नाही.

तसाच १९५७ चा ‘नया दौर’. टांगेवाल्यांची पोटे मारणारी मोटारबस आणि तिच्याशी शर्यत लावणारा टांगेवाला. दिलीपकुमार आणि वैजयंतीमाला यांची गाणी आपण आवडीने ऐकतो. पण आज उसाच्या फडात तोडणीयंत्र उतरले आहे. एका यंत्रापुढे कित्येक कोयते थांबतात. अशा वेळी हा चित्रपट ऊसतोड मजुरांबरोबर बसून पाहावा. शर्यतीचा शेवट गोड आहे, खऱ्या जगात तो तसा नसतो, हे ते स्वतःच सांगतील आणि मग खरी चर्चा सुरू होईल. १९७४ चा ‘सामना’ सहकारी साखर कारखान्याच्या मुलखात बसून पाहावा. जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, तेंडुलकरांचे लेखन. निळूभाऊंचा हिंदुराव आणि डॉ. लागूंचा दारुड्या मास्तर. मारुती कांबळे नावाच्या माणसाचे पुढे काय झाले, एवढाच प्रश्न मास्तर विचारतो आणि साम्राज्य हादरते. हा चित्रपट एकट्याने पाहिला तर उत्तम अभिनय म्हणून लक्षात राहतो. चार मजुरांत पाहिला तर आपल्या गावातली नावे आठवू लागतात.

येथे एका माणसाची आठवण ठेवली पाहिजे, तो म्हणजे ऑपरेटर. त्याने सगळे चित्रपट पाहिले, पण कोणाबरोबरच नाही. कार्बनच्या कांड्यांच्या उजेडात, उकाड्यात, भिंतीतल्या भोकातून. सिनेमागृहातल्या कामगारांसाठी संसदेने १९८१ साली कायदा केला. तोवर त्याला कायद्याचा आधार फार थोडा होता. आज संगणकावर चित्रपट चालतो आणि ती खोली रिकामी आहे.

पडद्यासमोरची जागाही बदलत गेली. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘रामायण’ लागू लागले. गावात दूरचित्रवाणीचे संच मोजके, तेही मोठ्या घरांत. तंबूत तिकीट काढून बरोबरीने बसणारा माणूस आता दुसऱ्याच्या ओसरीवर आला. कोणी सतरंजीवर, कोणी उंबऱ्याशी, कोणी अंगणात उभा. घरमालकाची मेहेरबानी सुरू झाली की पुन्हा जात सुरू होते. कारण तिकीट हा हक्क आहे आणि ओसरी ही मेहेरबानी आहे. पुढे घरोघर संच आले, मग केबल, मग मोबाइल. तालुक्यातली थिएटरे एकामागून एक बंद पडली, कोठे मंगल कार्यालय झाले तर कोठे गोदाम. मार्च २०२० मध्ये साथीमुळे उरलेल्यांनाही कुलूप लागले. काहींचे निघाले, काहींचे नाही. आज तळावर गेलो तर संध्याकाळी कोपीकोपीत मोबाइलचा उजेड दिसतो. प्रत्येकाचा चित्रपट वेगळा, प्रत्येकाच्या कानात वेगळी वायर. ज्याला जे हवे ते पाहता येते, ही सोय मी नाकारत नाही. पण शेजारी कोणी नसेल तर आपले मत कोणाला विचारून तपासायचे?

आता ज्यासाठी हे सारे बोललो त्या गोष्टीकडे येतो. आपल्या जिल्ह्यातले लाखो लोक दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मुकादम माणसे मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. एकटा असेल तर अर्धा कोयता. ही जोडी पहाटेपासून रात्रीच्या गाडीभरणीपर्यंत शेजारी शेजारी राबते. तो तोडतो, ती मोळ्या बांधते, डोक्यावर वाहते. पण कारखान्याच्या गावी बाजारच्या दिवशी सिनेमा पाहायला तो मित्रांबरोबर जात आला आणि ती कोपीत भाकरी थापत राहिली. कामाला सोबत, करमणुकीला नाही. आणि लेकीचे वय जरा वाढले की तळावर तिला सांभाळायचे कसे या भीतीने तिचे लग्न उरकून टाकायचे. बालविवाहात आपला जिल्हा राज्यात वरच्या रांगेत आहे, हे सरकारी पाहण्याच सांगतात.

२९ एप्रिल २०१६ रोजी नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ आला. आपल्यासारख्याच कोरड्या करमाळा तालुक्यात वाढलेल्या माणसाने केलेला चित्रपट. बोली आपल्यासारखी, माती आपल्यासारखी. आमची तरुण पोरे तो पाच-पाच वेळा पाहून आली, गाण्यांवर नाचली. ऊसतोडीचा हंगाम संपून मजूर परतले होते, त्यामुळे मोठी माणसेही गेली. त्या वेळी मी कितीजणांशी बोललो. सगळ्यांना चित्रपट आवडला होता. शेवटी पडद्यावर आवाज नाहीसा होतो तेव्हा छातीत धस्स झाले, असे सगळे म्हणाले. मी पुढचा प्रश्न विचारी : “लेकीला नेलं होतं का?” बहुतेक गप्प बसत. एकजण प्रामाणिकपणे म्हणाला, “दादा, पिक्चर चांगला हाय, पण पोरीबरुबर बघायचा न्हाई.”

मंडळी, मला येथे थांबून विचार करावासा वाटतो. हाच मनुष्य मित्रांत बसून आर्ची-परश्याच्या बाजूने बोलत होता. त्यांना मारणाऱ्यांना शिव्या देत होता. मग लेकीशेजारी बसून तेच बोलायला काय हरकत होती? हरकत एवढीच की, मित्रांसमोरचे मत फुकट असते. लेकीसमोरच्या मताची किंमत पुढे कधीतरी द्यावी लागते. ती उद्या म्हणेल, “बाबा, तुम्हीच तर म्हणाला होतात.” म्हणून माणूस तिला घरी ठेवतो. पण जे मत आपण आपल्या मुलीसमोर उच्चारू शकत नाही, त्याला मत म्हणावे की चैन म्हणावे, याचा निर्णय प्रत्येक बापाने स्वतः करावा.

जो चित्रपट घरच्यांबरोबर बघता येत नाही तो वाईट, असे आपण समजत आलो. काही चित्रपटांच्या बाबतीत ते खरेही असेल. पण काही चित्रपट असे असतात की, ते घरच्यांबरोबर पाहायला आपल्याला भीती वाटते, कारण त्यांत काही घाण नसून आपल्याविषयीचे सत्य असते. असे चित्रपट नेमके घरच्यांबरोबरच पाहावेत.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. ही व्याख्यानमाला वसंतात भरते, आणि त्याच सुमारास फडावरून माणसे गावी परततात. पुढच्या वर्षी व्याख्यानांच्या जोडीला तीन संध्याकाळी पटांगणात पडदा लावावा. पहिल्या दिवशी ‘नया दौर’, दुसऱ्या दिवशी ‘सामना’, तिसऱ्या दिवशी ‘सैराट’. शहरातल्या मंडळींनी यावे आणि तालुक्यातल्या मजुरांनाही बोलवावे. पुढच्या खुर्च्या पाहुण्यांसाठी राखून ठेवू नयेत; जो आधी येईल तो पुढे बसेल. मध्ये दोरी नको. नवऱ्याने बायकोला, बापाने लेकीला, सासूने सुनेला बरोबर आणावे. खेळ संपल्यावर अर्धा तास दिवे लावून बसावे आणि आधी बायकांना व पोरींना बोलू द्यावे. पडदा, प्रोजेक्टर आणि परवानगी ही व्यवस्था आमची संघटना पाहील; माणसे आणण्याचे काम आपण करावे.